पंचाचं बोट, सरांची सही

फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर मराठी माणसांची वर्दळ एरवीपेक्षा जास्त होती. तालकटोरा स्टेडियममध्ये 98वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरणार होतं आणि महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये खुर्चीचं नुसतं टोक मिळालं तरी नशीब. टेबलांवरचा विषय मात्र साहित्य नव्हता, कुस्ती होता. 2 फेब्रुवारीला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात पृथ्वीराज मोहोळला चितपटीवर विजयी घोषित केलं, पाठ टेकलीच नव्हती असं म्हणत शिवराज राक्षे पंचांशी भिडला आणि त्यानं पंचाला लाथ मारली. कुस्तीगीर संघानं त्याला 3 वर्षांसाठी निलंबित केलं. पाठ टेकली की नाही, यावर सदनातला प्रत्येक जण मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे-मागे करून निकाल देत होता.

त्याच आठवड्यात हल्द्वानीत, उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत, याहून मोठी गोष्ट घडली होती आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. तायक्वांदोच्या लढती सुरू होण्याच्या तोंडावर स्पर्धेच्या तांत्रिक समितीनं या खेळाचा स्पर्धा संचालकच बदलला. आरोप असा होता, की 16 पैकी 10 वजनगटांचे निकाल खेळाडू मॅटवर उतरण्याआधीच ठरले होते. सुवर्णाला 3 लाख, रौप्याला 2 लाख, कांस्याला 1 लाख असा भावही चर्चेत आला. कुस्तीत निदान पंचाची चूक झाली की नाही, असा वाद होता. इथे पंचाला काही पाहण्याची गरजच उरली नव्हती, असा संशय होता.

कुस्तीवर आपण तावातावानं बोलतो, कारण ती आपली. तायक्वांदो हा ‘मुलांचा क्लास’. पांढरा ड्रेस, कमरेला रंगीत पट्टा, आठवड्यातून तीन दिवस, महिन्याची फी. पण ठाण्यापासून नांदेडपर्यंत आणि दिल्लीतल्या द्वारकेपासून नोएडापर्यंत सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेच्या पटांगणावर, बागेच्या कोपऱ्यात हे क्लास चालतात आणि तिथे जाणाऱ्या मुलांची संख्या आखाड्यात उतरणाऱ्यांपेक्षा नक्कीच कमी नसेल. या खेळात पोरं दोन प्रकारे जोखली जातात. स्पर्धेत परका पंच जोखतो, ग्रेडिंगला, म्हणजे पट्ट्याच्या परीक्षेला, आपलेच सर. दोन्हींचा शेवट एका कागदात होतो. घोळ होतो तो बहुतेक वेळा शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि पंच म्हणून उभा राहणारा माणूस एकच असतो तेव्हा. छोट्या क्लबांच्या जगात तो एकच असतो, हे आधी मान्य करावं लागतं.

आधी लढत. मैदान अष्टकोनी, आरपार आठ मीटर. एक खेळाडू निळा, म्हणजे ‘चुंग’. दुसरा लाल, म्हणजे ‘होंग’. मधला पंच कोरियन भाषेतच आज्ञा देतो: ‘चारयत’ म्हटलं की सावधान, ‘क्यंगने’ला वाकून नमस्कार, मग ‘जुनबी’, ‘शिजाक’. लढत तोडायची तर ‘कल्यो’, पुन्हा सुरू करायची तर ‘क्येसोक’, संपली की ‘कुमान’. साताऱ्याच्या पोरालाही हे शब्द तोंडपाठ असतात आणि सेऊलच्याही. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. छातीच्या गार्डवर ठोसा बसला तर 1 गुण, लाथ बसली तर 2, डोक्यावर लाथ बसली तर 3. अंगाभोवती गिरकी घेऊन मारलेली लाथ असेल तर छातीला 4 आणि डोक्याला 5. कमरेखाली मारणं, पकडणं, ढकलणं, रेषेबाहेर जाणं, पडणं, पळ काढणं यांपैकी काही केलं, की पंच ‘गाम-जोम’ देतो आणि समोरच्याला 1 गुण मिळतो. एका फेरीत पाच गाम-जोम झाले की ती फेरी गेली.

2022 पासून तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी, असा नियम आहे. हा नियम पालकांना आजही पटत नाही. समजा, निळ्यानं पहिली फेरी 12-0 अशी जिंकली, दुसरी 3-4 आणि तिसरी 5-6 अशी हरला. एकूण गुण 20 विरुद्ध 10, तरी हरला निळाच. जिल्हा स्पर्धेत अशा निकालानंतर आईवडील आयोजकांच्या टेबलाशी येतात, कागदावर बेरीज करून दाखवतात, आणि टेबलामागचा माणूस त्यांना टेनिसचा सेट समजावून सांगतो.

गुण देतो कोण? मोठ्या स्पर्धेत छातीच्या गार्डमध्ये आणि डोक्याच्या गार्डमध्ये संवेदक असतात आणि पायातल्या मोज्यांत त्यांना ओळखणारे तुकडे. लाथ ठरलेल्या जोरापेक्षा जास्त जोरानं बसली की फलकावर गुण आपोआप पडतो. हा जोर वजनगटाप्रमाणे बदलतो. कोपऱ्यातल्या पंचांच्या हातात बटणांचा छोटा कंट्रोल असतो. ठोशाचा गुण त्यांनी द्यायचा आणि लाथ गिरकीची होती, हेही त्यांनीच ठरवायचं. बहुसंख्य पंचांची बटणं जवळपास एकाच क्षणी दाबली गेली, तरच तो गुण ग्राह्य. प्रशिक्षकाला निर्णय पटला नाही तर तो कार्ड दाखवून व्हिडिओ पाहायला लावू शकतो. दावा फेटाळला गेला की कार्ड गेलं.

मोहल्ल्यातल्या किंवा तालुक्याच्या स्पर्धेत यातलं फार थोडं असतं. संवेदकांचा संच महाग, भाड्यानं आणला तर प्रवेश फी वाढते आणि फी वाढली की पोरं कमी होतात. म्हणून साधे गार्ड, कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि खुर्चीवर पंच. त्या खुर्चीवर एकदा बसून पाहिल्याशिवाय या कामाची अडचण कळत नाही. दोन्ही पोरं एकाच वेळी लाथ मारतात. तुमच्या कोपऱ्यातून दिसते ती फक्त लाल पोराची पाठ. पाय पोटावर बसला की कोपरावर, हे तुम्हाला दिसत नाही. तुम्ही ‘थाप’ ऐकता. बोट बटणाकडे जातं आणि थांबतं, कारण थाप गार्डची होती की हाताची, याची खात्री नाही. तेवढ्यात निळा पोरगा पोटातून ओरडतो. हे ओरडणं, ‘किहाप’, शिकवलेलंच असतं. श्वास सोडायला तर असतंच, पण पंचाला ‘माझी बसली’ हे सांगायलाही. चांगला प्रशिक्षक हे दुसरं कारण पालकांसमोर सांगत नाही. अर्धा सेकंद संपला. समोरच्या कोपऱ्यातल्यानं बटण दाबलं, तिसऱ्यानं नाही. गुण नाही. मागे बसलेली आजी म्हणते, “डोळे फुटलेत का?”

जुन्या नियमात एक फार सुंदर अट होती. लाथ नुसती लागून भागत नसे. तिच्या धक्क्यानं समोरच्याचं शरीर हललं पाहिजे, तरच गुण. जागतिक संघटना 1973 मध्ये सेऊलला स्थापन झाली तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं पंच तो धक्काच शोधत होते. 1988 च्या सेऊल ऑलिम्पिकमध्ये तायक्वांदो प्रदर्शनीय खेळ होता, 2000 मध्ये सिडनीत पदकाचा झाला. लढती टीव्हीवर आल्या आणि पंच जे पाहत होते ते आता सगळं जग पाहू लागलं.

मग आला 23 ऑगस्ट 2008, बीजिंग. या एका दिवशी दोन गोष्टी घडल्या. महिलांच्या वरच्या वजनगटात ब्रिटनच्या सारा स्टीव्हनसननं चीनच्या छन चुंगच्या डोक्यावर लाथ मारली. छन दोनदा ऑलिम्पिक विजेती होती आणि प्रेक्षागृह तिच्या बाजूचं. लाथ बसलेली सगळ्यांना दिसली, पंचांनी गुण दिला नाही आणि छन विजयी ठरली. ब्रिटनच्या तक्रारीनंतर व्हिडिओ पाहून निकाल फिरवावा लागला. त्याच दिवशी क्यूबाचा आंखेल मातोस, सिडनीचा सुवर्णविजेता, कांस्यपदकाच्या लढतीत पायाच्या दुखापतीमुळे खाली बसला. दुखापतीसाठी मिळणारा एक मिनिट संपला आणि पंचांनी त्याला बाद ठरवलं. मातोसनं थेट स्वीडनच्या पंचाच्या तोंडावर लाथ मारली. त्याच्यावर आणि त्याच्या प्रशिक्षकावर आजन्म बंदी आली. अहिल्यानगरची लाथ पाहून क्रीडा विभागातल्या जुन्या पत्रकारांना पहिल्यांदा मातोसच आठवला असेल.

बीजिंगनंतर यंत्रांना होणारा विरोध मागे पडला. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये छातीचे संवेदक आणि व्हिडिओ आले, 2016 च्या रिओमध्ये डोक्याचेही. निकाल स्वच्छ झाले, यात शंका नाही. पण खेळ बदलला. यंत्राला धक्का कळत नाही, स्पर्श आणि दाब कळतो. मग खेळाडू पुढचा पाय उचलून हवेत धरू लागले, तलवारबाजीसारखे पायानं पाय अडवू लागले, अगदी बिलगून उभं राहून पायाचा तळवा आत वळवून गार्डला लावू लागले. माकड, मासा, विंचू अशी नावं या लाथांना पडली, यातच काय ते आलं. गिरकी घेऊन मारलेली ती देखणी लाथ दिसेनाशी झाली. म्हणून गिरकीचे गुण वाढवले, पाय उचलून अडवत राहण्यावर गाम-जोम आणला, बिलगून मारण्यावर बंधनं आली. यंत्रानं पंचाचं काम काढून घेतलं आणि यंत्रामुळे जे बिघडलं ते निस्तरायचं काम पुन्हा मधल्या पंचाच्या गळ्यात पडलं. पाय तीन सेकंद वर होता की दोन, हे संवेदक सांगत नाही.

लहान मुलांच्या लढतीत तर निकाल बहुतेक गाम-जोमवरच लागतो. दहा वर्षांचं पोर लाथ मारतं, तोल जातो, पडतं. मागे सरकताना रेषेबाहेर पाऊल पडतं. पंच ‘कल्यो’ म्हणून हात मध्ये घालतो, रंगाचं नाव घेतो, चूक काय झाली ती हातानं दाखवतो आणि मग ‘गाम-जोम’ उच्चारतो. हा क्रम पाळला, तर पोराला कळतं, की आपण काय केलं. घाईतले पंच मधली खूण गाळतात. माझ्या मते तालुक्याच्या स्पर्धेत पंच किती चांगला, हे तेवढ्यावरून कळतं.

आता हे पंच येतात कुठून? शेजारच्या क्लबातून. जिल्हा पंच, राज्य पंच, राष्ट्रीय पंच अशा पायऱ्या असतात, सेमिनार आणि परीक्षा असतात. आंतरराष्ट्रीय पंच व्हायचं तर चौथा दान, म्हणजे काळ्या पट्ट्याची चौथी पायरी, लागतो, आणि पहिल्या दानपासून चौथ्यापर्यंत पोचायला किमान 6 वर्षं. एवढं करून रविवारी दिवसभर खुर्चीवर बसायचं, दुपारी पाकिटातला पुलाव खायचा आणि मानधन म्हणून रिक्षाभाड्यापेक्षा थोडं जास्त घ्यायचं. मग हे काम करणार कोण? ज्याची पोरं त्या स्पर्धेत खेळतात तोच. आंतरराष्ट्रीय नियमात खेळाडूच्या देशाचा पंच त्या लढतीला नेमत नाहीत. छोट्या स्पर्धेत सर आपल्या मुलांच्या लढतीपुरते उठून दुसऱ्या मॅटवर जातात. हे बहुतेक ठिकाणी प्रामाणिकपणे पाळलं जातं, हे आवर्जून सांगायला हवं. पण दुसऱ्या मॅटवरचा पंच त्यांचा मित्र असतो, पुढच्या महिन्यात त्याच्या स्पर्धेला हे पंच म्हणून जाणार असतात आणि दोघांचे वरिष्ठ एकच. इथे पैशांची गरज पडत नाही, भिडस्तपणा पुरतो.

हल्द्वानीच्या प्रकरणात पैशांच्या आरोपाची चर्चा जास्त झाली. मला समितीच्या निवेदनातली दुसरी बाब जास्त महत्त्वाची वाटते. निवड चाचण्यांसाठी नेमलेल्या काही माणसांत राज्य संघटनांचे लोक, कार्यकारिणीचे सदस्य आणि चक्क साहित्य विकणारेही होते, असं तिथे म्हटलं होतं. ज्याच्याकडून गार्ड आणि ड्रेस विकत घ्यायचे, तोच निवडीच्या वेळी हजर. तालुक्यातला भिडस्तपणा राष्ट्रीय पातळीवर पोचला की त्याचं काय होतं, ते यात दिसतं.

ग्रेडिंगला तर परका माणूस लागतच नाही. पट्ट्यांची ही पद्धत मूळची कोरियाचीही नव्हे. ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांनी 1880 च्या दशकात ‘गो’ या पटावरच्या खेळातून ‘दान’ची पायरी उचलली आणि वरच्या शिष्यांना काळा पट्टा दिला. मधले रंगीत पट्टे बरेच नंतर, 1930 च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युडो शिकवणाऱ्या कावाइशींनी रुळवले. युरोपातल्या शिष्यांना प्रगती डोळ्यांना दिसायला हवी होती. (त्याच सुमारास, 1929 मध्ये, रवींद्रनाथांनी ताकागाकी या जपानी शिक्षकाला शांतिनिकेतनात ज्युडो शिकवायला बोलावलं होतं. ती परंपरा टिकली असती तर आज बंगाली पोरं कोणत्या पट्ट्यांवर असती कोण जाणे.) जपानी राजवटीत कराटे शिकलेल्या कोरियन शिक्षकांनी 1945 नंतर आपापल्या शाळा काढल्या, त्या शाळांच्या एकीकरणातून 1955 नंतर तायक्वांदो हे नाव रुजलं आणि पट्टे सोबत आले. आपल्याकडच्या आखाड्यात असली पायरी नव्हती. पैलवान केवढा, हे त्याची जोड कुणाशी लागते त्यावरून ठरे.

आपल्या क्लासमध्ये पांढऱ्यानंतर यलो, मग ग्रीन, ग्रीन वन, ब्लू, ब्लू वन, रेड, रेड वन आणि शेवटी ब्लॅक. क्लबनुसार एखादी पायरी कमी-जास्त. साधारण तीन महिन्यांनी ‘बेल्टची परीक्षा’. सर टेबलामागे बसतात, पुढ्यात तक्ता: बेसिक, लाथा, पूमसे, लढत, तोंडी. तोंडी परीक्षेत कोरियन आकडे म्हणायचे: हाना, दुल, सेत, नेत. पूमसे म्हणजे काल्पनिक शत्रूशी केलेला ठरलेल्या हालचालींचा क्रम. काळ्या पट्ट्यापर्यंत तेगुक नावाचे आठ पूमसे येतात. पहिल्यात 18 हालचाली, चालण्यासारखी सोपी पावलं. आठव्यापर्यंत पोचताना हवेत उडून मारायची लाथ येते.

दिल्लीतल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये रेडच्या परीक्षेला फळी फोडताना पाहिलेली मुलगी मला विसरता येत नाही. दोन मोठी मुलं फळी धरून उभी होती. तिनं अंतर मोजलं, मान हलवली, लाथ मारली. फळी फुटली नाही. दुसऱ्यांदाही नाही. ती सरांकडे बघत म्हणाली, “एक बार और, सर?” सर उठले, पण तिच्याकडे न जाता फळी धरणाऱ्यांकडे गेले. लाकूड रेषांच्या दिशेनं फुटतं. म्हणून रेषांना समांतर असलेल्या दोन कडा धरायच्या असतात. पोरांनी फळी आडवी धरली होती. शिवाय कोपर सैल. लाथेचा जोर फळीऐवजी त्यांच्या हातांत मुरत होता. सरांनी फळी फिरवली, पोरांची कोपरं ताठ करून घेतली, एक पाय मागे रोवायला लावला. तिसऱ्या लाथेला फळी दुभंगली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, पास. सरांनी पूमसेच्या रकान्यात काहीतरी खोडलं आणि तिला सांगितलं, की पाचव्या पूमसेत तुझी नजर पायांकडे होती, पुढच्या वेळी ये.

असं करणारे सर फार नाहीत. नापास केलं की आईवडील विचारतात, फी घेतली होती ना? पट्टा आणि प्रमाणपत्र फीमध्येच धरलेलं असतं. नापास झालेलं पोर पुढच्या महिन्यात क्लासला येईनासं होतं, समोरच्या गल्लीत दुसरा क्लास असतोच आणि तिथले सर त्याला थेट पुढचा पट्टा देतात. क्लास हेच सरांचं घर चालवण्याचं साधन. म्हणून पास होण्याची रेषा हळूहळू खाली येते, कुणी एका दिवशी ठरवून नव्हे. मी याला लबाडी म्हणणार नाही. पण सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट अशी जाहिरात दिसली, तर तिथून मुलाचा हात धरून बाहेर पडावं.

पूमसेची गंमत अशी, की ग्रेडिंगमधली हीच गोष्ट आता स्पर्धेतही आली आहे. तिथे पाच किंवा सात पंच असतात, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण वगळतात. 10 पैकी 4 गुण अचूकतेचे, 6 सादरीकरणाचे. छोट्या चुकीला 0.1 वजा, मोठ्या चुकीला 0.3. नजर पायांकडे गेली, तर तिथेही गुण जातात. अरुणाचलची रूपा बायोर मुंबईच्या अकादमीत याच प्रकारात घडली. 2024 मध्ये व्हिएतनाममधल्या आशियाई पूमसे स्पर्धेत तिनं कांस्य मिळवलं; वैयक्तिक पूमसेमध्ये आशियाई पदक मिळवणारी ती पहिली भारतीय. लढतीच्या प्रकारात अरुणा तन्वरनं टोकियो पॅरालिम्पिक गाठलं, तायक्वांदोमधून तिथे पोचलेली ती पहिली भारतीय खेळाडू.

आणि मग तो कागद. महाराष्ट्र शासनानं 2005 मध्ये खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत 5 टक्के जागा राखून ठेवल्या. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. शालेय स्पर्धांमध्ये तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण आहे आणि वयोगट 14, 17, 19. त्यामुळे राज्य पातळीवरच्या पदकाचा कागद म्हणजे अर्ध्या गुणानं हुकणाऱ्या फौजदारकीची किल्ली. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांतली बोगस प्रमाणपत्रं महाराष्ट्रात याच कारणानं उघडकीला आली आणि नोकऱ्या गेल्या. कागदाला किंमत आली, की तो देण्याचा अधिकार कुणाचा, यावर भांडण ठरलेलंच. भारतात तायक्वांदो 1970 च्या दशकात जिमी जगतियानींनी आणला. पुढे एका संघटनेच्या अनेक झाल्या. कुणाला जागतिक संघटनेची मान्यता, कुणाला जुन्या नोंदणीचा दावा. शिवाय कोरियाच्या जनरल चोई यांनी 1966 मध्ये काढलेली वेगळी आंतरराष्ट्रीय संघटना आहेच, तिचे पूमसे वेगळे, स्पर्धा वेगळ्या आणि पट्टेही वेगळे. पालकाला हे सगळं एकच वाटतं. ड्रेस पांढराच असतो ना.

या भांडणांचा नकाशा कस्तुरबा गांधी मार्गावरून पायी हिंडता येतो. पूर्वीचा हा कर्झन रोड कॅनॉट प्लेसवरून निघतो आणि इंडिया गेटच्या षटकोनात संपतो. षटकोनाच्या पलीकडे नॅशनल स्टेडियम, जिथे 1951 च्या पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. जवळच शेरशाह रोडवर दिल्ली उच्च न्यायालय, जिथे देशातल्या क्रीडा संघटनांच्या निवडणुका आणि मान्यतांचे खटले वर्षानुवर्षं चालतात, तायक्वांदोचेही. थोडं दुसरीकडे वळलं की शास्त्री भवन, क्रीडा मंत्रालय. मध्ये महाराष्ट्र सदन, जिथे राज्यातून कागदपत्रांच्या फायली घेऊन आलेले सचिव आणि प्रशिक्षक उतरतात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात संघटनांना मान्यता देणारं मंडळ आणि वाद सोडवणारं न्यायाधिकरण आहे. त्यामुळे वरचा गुंता सुटला तर चांगलंच. पण कम्युनिटी हॉलमधल्या टेबलापर्यंत तो कायदा पोचणार नाही. तिथे पालकालाच तीन गोष्टी विचाराव्या लागतील: क्लब कोणत्या जिल्हा संघटनेशी जोडलेला आहे, ब्लॅकची परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो की सर स्वतः, आणि दान कुठे नोंदवला जातो.

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तपासता येतं. सेऊलचं कुक्कीवन, 1972 मध्ये उघडलेलं मुख्यालय, जगभरच्या काळ्या पट्ट्यांची नोंद ठेवतं. 15 वर्षांखालच्यांना दानऐवजी ‘पूम’ मिळतो. प्रमाणपत्रावर क्रमांक असतो आणि तो कुक्कीवनच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. परीक्षा झाल्यावर प्रमाणपत्र यायला काही आठवडे लागतात, तेव्हा लगेच सरांच्या मागे लागू नये. सहा महिन्यांनीही क्रमांक मिळाला नाही, किंवा मिळालेल्या क्रमांकावर भलतंच नाव निघालं, तर आधी सरांकडे जावं आणि पावती मागावी. बऱ्याच पालकांना तेव्हा कळतं, की पैसे दिले होते, पण पावती कधी घेतलीच नव्हती.